घंटा झाली, पडदा उघडेना

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातून सर्वांत आधी माळ्यावर चढला तो संगणक. त्याच्यामागून गव्हाची पोती, लग्नाचे अल्बम आणि देव्हारा गेला. माझा नंबर बराच उशिरा लागला. पाणी ओसरल्यावर घरातले लाकडी सामान फुगून बसले होते, संगणक मात्र कोरडा ठणठणीत खाली उतरला. महापुराला पुरून उरलेल्या या यंत्राने एका साध्या पावसाळी संध्याकाळी, विजेच्या लपंडावाचे निमित्त करून, टेबलावर बसल्या जागी प्राण सोडावा, आणि तोही विवरणपत्रे भरण्याच्या ऐन हंगामात, हे मला आजही पटलेले नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांचे आयकर आणि जीएसटीचे काम पाहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अर्ध्या मार्केट यार्डाचे हिशेब त्या पेटीत बंद होते.

"काका, बाकी सगळं ठणठणीत आहे, मदरबोर्ड तेवढा गेलाय. बोर्ड बदलला की झालं," असे दुरुस्तीला आलेल्या मुलाने सांगितले. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्या पाटीवर जोडलेले असतात ती. दुकानदार त्याला इंजिनिअर म्हणत असे आणि तो मला काका म्हणत असे. दोन्ही पदव्या मानद होत्या.

माझा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, इंटेलच्या सातव्या पिढीचा. त्या पिढीचे बोर्ड आता सहजासहजी नवे मिळत नाहीत, तरीही दुकानदाराने आत्मविश्वासाने एक बोर्ड काढून दिला आणि तो व्यवस्थित बसलाही. इथे एक तांत्रिक खुलासा करणे भाग आहे. सातव्या पिढीच्या प्रोसेसरची बैठक ११५१ टोकांची असते, आणि आठव्या पिढीचीही ११५१ टोकांचीच असते. मात्र आकार आणि टोकांची संख्या तीच ठेवून कंपनीने आतली वीजजोडणी बदलली आणि त्याबरोबर चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि इतर भाग यांच्यात निरोप्याचे काम करणारी बोर्डावरची चिप, तीही बदलली. त्यामुळे जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर निमूटपणे बसतो, खटका लागतो, पंखा फिरतो, आणि पुढे काहीही होत नाही. गुण जुळले, मुहूर्त निघाला आणि वधूपक्ष बोलेनाच, असा तो प्रकार होता.

हे कळायला अर्थातच वेळ लागला. दरम्यान कॅबिनेट उघडे होते आणि मुलाने बटणाच्या तारा जोडण्याची तसदी न घेता स्क्रूड्रायव्हरचे टोक बोर्डावरच्या दोन बारीक पिनांना टेकवून यंत्र सुरू केले. या क्षेत्रात तसेच करतात, कारण बटण म्हणजे तरी त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडणे एवढेच असते. परंतु शेजारचे तात्या नेमके त्याच क्षणी दारात आले आणि "अरे, शॉट बसेल की!" असे ओरडले. त्या ओरडण्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या चहात पडला. तात्यांच्या मते दोष स्टॅबिलायझरमध्ये होता. तात्यांच्या मते जगातला कोणताही दोष स्टॅबिलायझरमध्येच असतो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याबद्दलही त्यांनी व्होल्टेजचीच चौकशी केली होती.

अखेर कोल्हापूरहून योग्य चिपसेटचा एक वापरलेला बोर्ड आला. या वेळी मुलाने खिशातून एक छोटा, बोटाच्या पेरापेक्षा लहान भोंगा काढून बोर्डाला जोडला. संगणक सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो आणि काही बिनसले असेल तर पडद्यावर काही येण्याआधीच आवाज काढून सांगतो; मात्र तो भोंगा हल्ली बहुतेक बोर्डांबरोबर येतच नाही. म्हणजे आपण आधी त्याला घसा द्यायचा आणि मग त्याची तक्रार ऐकायची. १८४३ साली मराठी रंगभूमीचा जन्म ज्या सांगलीत झाला, तिथल्या माणसाला घंटेचे वावडे असण्याचे कारण नाही. पण नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर पडदा तरी उघडतो. इथे लांबलचक घंटा एकामागून एक होत राहिल्या आणि पडदा काळाच राहिला. एक लांब आणि दोन आखूड असत्या, तर ग्राफिक्सकडे, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाकडे, बोट गेले असते. या अखंड लांब घंटांवरून मुलाने रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, नीट बसली नसल्याचे ओळखले, आणि बायोस, म्हणजे संगणकाला जागे करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे या घंटांचे अर्थ बदलतात, असेही तो सहज सांगून गेला. मग त्याने माझ्या नातीच्या कंपासपेटीतला खोडरबर मागितला आणि रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क, जे दोन्ही बाजूंचे मिळून २८८ असतात, देवाची भांडी घासावीत तशा निष्ठेने पुसले. रॅम पुन्हा बसवताच भोंग्यातून एकच छोटा, समाधानी आवाज आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. अक्षरांचा मथितार्थ असा, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

डिस्क तर समोरच होती, तिची तार लावलेली होती आणि तिचे नाव त्याच पडद्यावर दुसऱ्या एका पानावर स्वच्छ दिसत होते. अडचण पद्धतीची होती. माझ्या डिस्कवर विंडोज जुन्या रीतीने बसवलेले होते, म्हणजे डिस्कच्या अगदी आरंभीच्या भागात सुरुवातीचा पत्ता लिहून ठेवण्याची जी रीत १९८३ पासून चालत आली आहे, त्या रीतीने. आणि या बोर्डाच्या आधीच्या मालकाने त्याला फक्त यूईएफआय ही नवी रीत मानायला शिकवले होते. सेटिंगमध्ये जाऊन जुन्या रीतीला परवानगी द्यावी लागली.

त्यानंतर विंडोज उगवले आणि उपकरणांची तयारी चालू असल्याची सूचना टक्केवारीसह दिसू लागली. जुलैत आमच्या भागात माणसे एकमेकांना भेटताच आयर्विनला किती फूट झाले ते विचारतात. त्या दिवशी गल्लीतले सगळे मला किती टक्के झाले ते विचारत होते.

सर्व पार पडले आणि उजव्या कोपऱ्यात तारीख दिसली : १ जानेवारी २०१६. बोर्डावर एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ म्हणतात तिला, आणि या आकड्यातच तिचा २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी सांगितलेली असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती कोल्हापुरातच संपली होती. आता विचार करा, १ जानेवारी २०१६ रोजी नोटाबंदी व्हायची होती, महापूर यायचा होता, आणि जीएसटी लागू व्हायला अजून दीड वर्ष होते. माझ्यासारख्या माणसाला ती तारीख बदलण्याची इच्छा होईल का? मी कितीतरी वेळ तिच्याकडे नुसता पाहत बसलो. परंतु जग मागे यायला तयार नव्हते. कोणतेही संकेतस्थळ उघडले की तुमचे घड्याळ मागे असल्याचे सांगून ते दार लावून घेई, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रे २०१६ च्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेली नव्हती. नवी बॅटरी आणली आणि जड अंतःकरणाने तारीख पुढे केली.

एवढ्यावर विंडोजचे समाधान झाले नाही. प्रोसेसर, डिस्क, रॅम, कॅबिनेट, माउस आणि मालक हे सगळे तेच असले, तरी मदरबोर्ड बदलला की त्याच्या लेखी तो संगणक नवा ठरतो आणि परवाना पुन्हा सिद्ध करावा लागतो. सुदैवाने माझा परवाना माझ्या खात्याला जोडलेला होता आणि अलीकडे हार्डवेअर बदलल्याचे जाहीर करण्याची सोय तिथे होती. तसे जाहीर करताच माझ्या नावावरच्या संगणकांची यादी आली आणि त्यातला आपला ओळखण्याचा हुकूम झाला. यादीतली सगळी नावे इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांच्या खिचडीची होती. "यातला आपला कुठला?" असे मी सौ.ला विचारले. तिने चष्मा लावून यादी वाचली आणि माळ्यावर चढवताना यातले काही दिसले नव्हते, असे सांगितले. मुलाने एक नाव निवडले, ते मान्य झाले. मग हिशेबाच्या सॉफ्टवेअरनेही परवाना मागितला, पण तोवर मी कोणालाही काहीही दाखवायला तयार होतो.

पहिला, न चाललेला बोर्ड घेऊन मी दुकानात गेलो. एकदा पेटी फोडलेला माल परत घेत नसल्याचे दुकानदाराने अत्यंत नम्रपणे सांगितले, मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बोर्ड हातात उलटसुलट करून पाहत म्हणाला, "साहेब, बोर्ड एकदम चांगला आहे, वाया कशाला घालवता? याच्यावर चालणारा आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे माझ्याकडं. घेऊन टाका की."