सीएसआरच्या ‘साठ-चाळीस’ मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी मावशीचा फोन आला. “अगं, एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात?” तिच्या महिला मंडळाची एक छोटी एफडी आहे. शिवणवर्गाच्या फीमधून आणि वाचनालयाच्या वर्गणीतून वीसेक वर्षांत साठलेली. ती कशाला मोडायची, असं विचारलं तर म्हणाली, “सीएसआरचे पन्नास लाख मंजूर होतायत. फाइल चार्ज तेवढा आधी भरायचाय.”

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजाच्या कामांवर खर्च करणं. मग तिनं मला तो पैसा मिळवून देतो म्हणणारा व्हॉट्सॲप मेसेज पाठवला. माझ्या तीन ग्रुपांवर तो आधीच येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता. ही माझी चूक झाली, म्हणून आता नीट वाचून उत्तर देते.

मेसेजचं सार असं. सरकारनं प्रत्येक कंपनीला नफ्याचे २ टक्के एनजीओंना देणं सक्तीचं केलंय. मार्चअखेर न खर्चलेला पैसा वाया जातो, म्हणून कंपन्या संस्था शोधत असतात. सीएसआर-१ नंबर (संस्थेची सरकारी नोंदणी) असला की निधी पक्का, संस्था नवीन असली तरी चालेल. कंपनीला करात सूट मिळते, त्यामुळे तिचं काही जात नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘६० टक्के कंपनीला रिटर्न, ४० टक्के संस्थेला, पूर्णपणे कायदेशीर.’ खाली मोबाइल नंबर आणि २५,००० रुपये फाइल चार्ज.

मी अकरा वर्षं एका संस्थेत सीएसआर प्रकल्पांचे हिशेब आणि अहवाल बघते. शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणूस फसतो, पण या मुद्द्यानं तो गुन्हेगार होतो.

साठ-चाळीस म्हणजे प्रत्यक्षात काय, ते बघा. संस्थेच्या खात्यात पन्नास लाख येणार. त्यातले तीस लाख तुम्ही रोख काढून कुणाच्या तरी हातात देणार. पण कागदावर पूर्ण पन्नास लाखांचं काम दिसलं पाहिजे. म्हणजे न घेतलेल्या शिलाई मशिनांची बिलं, न भरलेल्या शिबिरांची हजेरीपत्रकं, ज्यांना काहीच मिळालं नाही अशा बायकांची नावं लाभार्थी म्हणून. या प्रत्येक कागदावर सही कुणाची? अध्यक्ष, सचिव, खजिनदार. मावशी खजिनदार आहे. बँकेच्या उताऱ्यावर रोख काढल्याची नोंद कायमची राहणार, आणि तोच हिशेब ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणार. मेसेज पाठवणाऱ्याचं नाव यातल्या एकाही कागदावर नाही.

‘कायदेशीर’ या शब्दाचं उत्तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एकाच परिपत्रकात मिळतं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी मंत्रालयानं सीएसआरवरची प्रश्नोत्तरं प्रसिद्ध केली. त्यात स्पष्ट म्हटलंय की संस्थेला नुसता पैसा दिला म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं होत नाही. संस्थेनं ती सगळी रक्कम प्रत्यक्ष वापरली पाहिजे. दिलेला पैसा ठरलेल्या कामासाठी आणि ठरलेल्या पद्धतीनं वापरला गेला, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं असतं. साठ टक्के परत आलेल्या प्रकल्पाला तो असं प्रमाणपत्र देणार असेल तर ते खोटं असणार. दहा लाखांवरच्या फसवणुकीला कंपनी कायद्याच्या कलम ४४७ खाली सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे.

असे व्यवहार कुठेच होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. या क्षेत्रात राहून तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण होतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. आणि मावशीच्या बाबतीत तर तेही होणार नव्हतं. पन्नास लाख येणारच नव्हते, फक्त २५,००० जाणार होते. मग साठ-चाळीसचा उल्लेख कशाला? मला वाटतं, तो मुद्दाम घातलेला आहे. एकदा तुम्ही ‘साठ टक्के परत देऊ’ असं व्हॉट्सॲपवर लिहून बसलात की फसल्यावर पोलिसांत जायला पाय उचलत नाही. पासष्टीच्या बाईनं पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगायचं, की मी खोटी बिलं करायला तयार होते? तक्रार येऊ नये याची सोय त्या माणसानं आधीच करून ठेवली आहे. या मेसेजमधलं सगळ्यात वाईट हे आहे आणि माझा खरा राग यावर आहे.

बाकीचे मुद्दे पटापट घेते.

‘प्रत्येक कंपनी’ नाही. कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ लागू होतं ते आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटी किंवा जास्त नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १,००० कोटी किंवा जास्त उलाढाल, किंवा ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा, यांतलं काहीही एक असलेल्या कंपनीला. २ टक्के हे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे. आणि ते ‘एनजीओंना’ द्यायचे असं कायदा म्हणतच नाही. कंपनी स्वतः काम करू शकते, स्वतःचं प्रतिष्ठान काढू शकते. अनेक मोठ्या कंपन्यांनी तसंच केलंय.

‘दिल्लीहून मंजुरी’ असं त्या माणसानं मावशीला फोनवर सांगितलं होतं. सीएसआर प्रकल्पाच्या मंजुरीत सरकारची थेट भूमिका नसते, हेही त्याच परिपत्रकात आहे. प्रकल्प ठरवतं कंपनीचं संचालक मंडळ.

सीएसआर-१ नंबर म्हणजे निधी नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचं सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेला ही नोंदणी लागते, एवढाच त्याचा अर्थ. वाहन परवाना मिळाला म्हणून कुणी गाडी देत नाही. या फॉर्मला सरकारी शुल्क नाही. सीए प्रमाणित करून देतो त्याची फी आणि डिजिटल सहीचा खर्च येतो, तो काही हजारांच्या पुढे जाऊ नये. ‘नवीन संस्थाही चालेल’ हेही खोटं. कंपनीनं किंवा सरकारनं स्थापलेली संस्था सोडली तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव नियमातच आहे.

करसवलतीचं म्हणाल, तर सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. हे २०१४ च्या वित्त कायद्यानंच सांगितलंय. काही देणग्यांना ‘८०-जी’ म्हणजे देणगीवरची करवजावट मिळू शकते, इतपत खरं. ‘तिचं काही जात नाही’ हे खरं नाही.

मार्चचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो मान्य करताना मला त्रास होतो. वीस मार्चला फोन करून ‘चार दिवसांत प्रपोजल द्या’ म्हणणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात. घाईत झालेली कामंही पाहिली आहेत. पण ते फोन आधीच तपासून ठेवलेल्या संस्थांना जातात, अनोळखी नंबरवरून ग्रुपांवर येत नाहीत. आणि पैसा ‘वाया’ जात नाही. २०२१ पासून चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चायची असते. बाकीची सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीसारख्या, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या निधीत भरायची. न भरल्यास दंड.

दुसरी एक गोष्टही कबूल करायला हवी. हा मेसेज चालतो तो लहान संस्थांच्या जखमेवर बोट ठेवून. सीएसआर खर्चात महाराष्ट्र दरवर्षी देशात पुढे असतो, पण आमच्या तालुक्यातल्या वाचनालयापर्यंत त्यातलं काय येतं? कंपनीनं जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. जिथे कारखानाच नाही तिथल्या संस्थेनं कुणाकडे बघायचं? मावशीच्या वाचनालयाचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. तिला लोभ नव्हता, तिला पत्रे हवे होते.

आणि खरी भागीदारी कशी होते तेही तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आमच्या शेवटच्या प्रकल्पात पहिल्या भेटीपासून पहिल्या हप्त्यापर्यंत पाच महिने गेले. ट्रस्ट डीड, १२-ए आणि ८०-जी या आयकर नोंदण्यांचे कागद, तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, विश्वस्तांची यादी हे सगळं दिलं. कंपनीचा माणूस न सांगता केंद्रावर आला आणि हजेरीवही मागून बसला. मग करार झाला, त्यात कोणत्या महिन्यात काय करायचं आणि कशावर किती खर्चायचं ते लिहिलेलं. दुसरा हप्ता पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चले याचा दाखला, सीएच्या सहीनं दिल्यावर. लाभार्थ्यांच्या यादीतल्या बारा मुलींना कंपनीनं स्वतः फोन लावले, मशीन मिळालं का, क्लास किती वाजता असतो, असं विचारायला. आणि संस्थेनं आधी पैसे भरायची पायरी यात कुठेच नव्हती. कंपनी तुमच्याकडे कागद मागते, पैसे मागत नाही.

सीएसआरचं नाव सांगून आधी पैसे घेण्याचा प्रकार किती मोठा होऊ शकतो ते २०२५ च्या सुरुवातीला केरळमध्ये दिसलं. अर्धे पैसे तुम्ही भरा, उरलेले कंपन्यांच्या सीएसआरमधून, असं सांगून हजारो बायकांकडून स्कूटरसाठी पैसे घेतले गेले. तिथेही स्थानिक संस्थांच्या नावावर लोकांनी विश्वास ठेवला होता.

एफडी मोडलेली नाही. पण मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पॅन, ट्रस्ट डीड आणि रद्द केलेला चेक त्या नंबरवर आधीच पाठवलाय, हे मला सोमवारी कळलं. म्हणून आता बँकेला लेखी कळवायचंय की खात्यात अनोळखी रक्कम आली तर मंडळाला विचारल्याशिवाय ती हलू देऊ नका, आणि सीएला मंत्रालयाच्या पोर्टलवर मंडळाच्या नावानं काही भरलं गेलंय का ते बघायला सांगायचंय. बँकेचं पत्र मावशी स्वतः लिहितेय. मेसेजचे स्क्रीनशॉट मी काढून ठेवलेत, सायबर पोलिसांकडे तक्रार करताना लागतील. अध्यक्षबाई यायला तयार नाहीत. त्यांनी त्या माणसाला साठ-चाळीसला ‘हो’ लिहिलंय.