‘शून्य ठेवा, दोन बिंदू जोडा’: या ट्रिकमध्ये काय चुकतं?

रेषेचा आलेख काढायची एक ‘दहा सेकंदांची ट्रिक’ विद्यार्थ्यांमध्ये भलतीच फिरते आहे. तिचं म्हणणं असं: क्षच्या जागी शून्य ठेवा, मग यच्या जागी शून्य ठेवा, मिळालेले दोन बिंदू जोडा. तिसरा बिंदू काढणं म्हणजे वेळ फुकट. किंमत अपूर्णांकात आली तर कुठेतरी चुकलं समजा. आणि बिंदू पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नसतील, तर गणित पुन्हा सोडवा.

शून्य ठेवल्यावर रेषा अक्षांना कुठे छेदते ते कळतं, एवढं खरं. पण ३क्ष + २य = ० घेऊन बघा. क्ष शून्य घेतला तर य शून्य, य शून्य घेतला तर क्ष शून्य. दोनदा मेहनत करून हाती एकटा आरंभबिंदू, आणि त्यातून तर वाटेल तेवढ्या रेषा जातात. इथे क्ष = २ घ्यावा, य = −३ मिळतो. क्ष = ४ या रेषेवर क्ष शून्य ठेवायला गेलात तर ४ = ० असं येतं; ती रेषा य-अक्षाला समांतर आहे, त्याला छेदणार कशी?

दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, याबद्दल वाद नाही. अडचण अशी की दोन बिंदू कधी चुगली करत नाहीत. कुठेही मांडा, पट्टी जुळतेच. २क्ष − ३य = १२ मध्ये चिन्हाची चूक होऊन (०, −४) ऐवजी (०, ४) लिहिलं, तर (६, ०) शी जोडून छान सरळ रेषा येते, फक्त ती दुसऱ्याच समीकरणाची असते. तिसरा बिंदू (३, −२) मांडला की तो रेषेबाहेर पडतो आणि चूक उघडी पडते. शिवाय बिंदू जरा लांबलांब घ्यावेत. एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक मिलिमीटरभर सरकला, तर दहा सेंटिमीटरवर रेषा सेंटिमीटरभर भरकटते.

अपूर्णांकाच्या भीतीचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण इथे ट्रिक स्वतःलाच खोटं पाडते. ७क्ष + ३य = १० मध्ये शून्य ठेवा: य = १०/३, मग क्ष = १०/७. ट्रिकच्याच नियमाने दोन्ही चूक! प्रत्यक्षात दोन्ही बरोबर आहेत, फक्त आलेखावर मांडायला त्रासाचे. शून्याचा हट्ट सोडून क्ष = १ घेतलं की य = १, आणि काम सोपं. आता २क्ष + ४य = ७ बघा. क्ष, य पूर्णांक असतील तर डावी बाजू सम, उजवी विषम. म्हणजे या अख्ख्या रेषेवर दोन्ही निर्देशक पूर्णांक असलेला एकही बिंदू नाही. सहगुणकांच्या (क्ष आणि यच्या आधीच्या पूर्णांकांच्या) मसाविने, म्हणजे दोघांनाही भाग जाणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येने, उजवीकडच्या संख्येला नि:शेष भाग गेला, तरच असे बिंदू सापडतात. (असली पूर्णांक उत्तरं शोधायची कुट्टक पद्धत आर्यभटाने दीड हजार वर्षांपूर्वी दिली होती.)

आणि असा एक बिंदू सापडला की बाकीचे पायऱ्या उतरल्यासारखे मिळतात. ७क्ष + ३य = १० वर (१, १) पासून क्ष ३ ने वाढवा, य ७ ने कमी करा: (४, −६), (७, −१३). उलट चढलात तर (−२, ८).

राहिली पुस्तकामागची उत्तरं. रेषेवर बिंदू अनंत, पुस्तकात छापलेले दोन-तीन. तिथे (−२, ८) असेल आणि तुमच्या वहीत (१००, −२३०), तर खोडरबर हातात घेण्याआधी किमती समीकरणात घाला: ७०० − ६९० = १०. बिंदू रेषेवरच आहे.