दोन टक्क्यांची यादी म्हणजे मोठेपणाचा दाखला नव्हे

'ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला खरा मोठा संशोधक कसा ओळखाल?' असा एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्यात चार खुणा सांगितल्यात: स्टॅनफर्डचा 'जगातील दोन टक्के' पुरस्कार, वर्षाला पन्नासेक पेपर, परदेशातली लॅब आणि पेटंट. माझी पुतणी एमएस्सी करून पीएचडीसाठी गाईड शोधतेय. मेसेज वाचून तिने एका उत्तम मॅडमचं नावच काढून टाकलं. का, तर 'काका, त्यांचे पेपर कमी आहेत.' आता गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, तो पुरस्कारच नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी दिलेल्या संदर्भांच्या, आकड्यांवरून ही यादी काढतात. कुणी अर्ज करत नाही, कुणी प्रयोगवही तपासत नाही. सायटेशनला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. लोक काम वापरतात तेव्हा ते वाढतात, हे मान्य. पण सत्काराचे फ्लेक्स लावावेत असं त्यात काही नाही.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. वर्षाला पन्नास पेपर म्हणजे आठवड्याला जवळपास एक. एक संयुग बनवायचं, कॉलमवर शुद्ध करायचं, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) काढायचा, यील्ड (किती टक्के माल हाती आला ते) पुन्हा येतं का पाहायचं, हे एका माणसाच्या नजरेखाली आठवड्याला कसं उरकेल? त्याच इओआनिडिस यांनी २०१८ साली 'नेचर'मध्ये दर पाच दिवसांना एक पेपर छापणाऱ्यांवर बोट ठेवलं होतं. उलट अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड पाहा. लॅबमध्ये स्ट्रिक्निन, क्लोरोफिल बनवलं, सहकारी एशेनमोझर यांच्यासोबत बी-१२ जीवनसत्त्व, शिवाय १९६५ चं नोबेल. आयुष्यभराचं प्रकाशित लेखन सुमारे दोनशे!

या विषयात मोठेपणाची कसोटी एकच: तुमची रिॲक्शन दुसऱ्याच्या हातून होते का? 'ऑरगॅनिक सिंथेसिस' हे प्रकाशन १९२१ पासून तेच करतंय. पाठवलेली कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये प्रत्यक्ष करून बघतात, जमली तरच छापतात, आणि करून बघणाऱ्यांची नावंही देतात. जपानच्या सुझुकी यांची १९७९ ची कार्बनला कार्बन जोडणारी रिॲक्शन आज औषध कंपन्यांत रोज वापरली जाते. तिला २०१० साली नोबेल मिळालं ते पेपर मोजून नव्हे. आकड्यांच्या मागे लागलेल्या लॅबमध्ये मात्र पोरं ८० टक्के यील्ड 'आणण्याच्या' दडपणाखाली पिचतात. ज्याला प्रामाणिकपणे ३५ मिळतं, तो स्वतःलाच नालायक समजायला लागतो.

परदेशी लॅबचं म्हणाल तर चांगली उपकरणं आणि हाताशी एनएमआर असला की काम भराभर होतं, हे नाकारून चालणार नाही. आपल्याकडे नमुना बाहेर पाठवून वाट बघावी लागते. पण बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही रिॲक्शन घ्या. फ्लेवोन (वनस्पतींत सापडणारी संयुगं) बनवायची ही वाट आज जगभर शिकवतात. वेंकटरामन मँचेस्टरला शिकले खरे, पण हे काम त्यांनी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात केलं आणि १९३३ साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये छापलं. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) पहिले भारतीय संचालक झाले. पेटंट हा तर कायदेशीर हक्क आहे. काम मोठं की छोटं, ते त्यावरून ठरत नाही.

पुतणीला सांगितलंय, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात त्या मॅडमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. प्रायोगिक भाग उघड, स्पेक्ट्रा (एनएमआर वगैरे तपासण्यांचे आलेख) जोडलेत का बघ, फसलेल्या रिॲक्शनही लिहिल्यात का बघ. मग त्यांना फोन कर.