गिरणीत जाणाऱ्या मुलीने आपले वय कसे सांभाळावे

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत मुलगी म्हणून जन्म घेऊन सूतगिरणीत बालपण घालवावे असा आपला मानस असेल, तर वाचकहो, आधी जन्मसाल नीट पाहून घ्यावे. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पुढील पंचवीस वर्षे गिरणीत मुलीला वय असे नव्हतेच. यंत्रावरची सुताने भरलेली बाबीण काढून रिकामी चढवण्याइतका हात पोचला की ती कामाची झाली, आणि न पोचला तर पोचेपर्यंत केर काढण्याची सोय होतीच.

१८८१ च्या कारखाना कायद्याने हा ढिसाळपणा संपवला. सात वर्षांच्या आतील मुलांना गिरणीचे दार बंद झाले. सात पूर्ण झालेल्यांना मात्र बारा वर्षांपर्यंत रोज नऊच तास काम, मधे एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळू लागल्या. सातव्या वर्षी नऊ तास म्हणजे काही फार नव्हे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी बारावा वाढदिवस येऊ द्यावा. त्या दिवशी मुलगी कायद्याच्या दृष्टीने प्रौढ होई आणि प्रौढ बाईने किती तास राबावे याविषयी कायदा एक अक्षरही बोलत नसे. विजेचे दिवे नसल्यामुळे गिरणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. तेव्हा सरकारी इन्स्पेक्टरापेक्षा सूर्यावर भरवसा ठेवावा, कामाला मार्गशीर्षात लागावे आणि ज्येष्ठात शक्यतो आजारी पडावे. आजारपणाचा पगार कापला जाईल, पण पगार तसाही महिना उलटून गेल्यावरच हाती पडत असल्याने त्याची चुटपुट लगेच लागणार नाही. खानदेशात कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, जाण्याचा मोह मात्र टाळावा. शंभराहून कमी माणसे असलेल्या किंवा वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणाऱ्या कारखान्याला हा कायदा लागूच नव्हता, आणि हंगामाच्या दिवसांत तेथे सूर्याचेही कोणी ऐकत नसे.

आपल्यासाठी एवढा कायदा कोणी केला, असा प्रश्न मुलीच्या मनात येईल. तिने विलायतेतल्या मँचेस्टरच्या दिशेला तोंड करून नमस्कार करावा. मुंबईचे सूत चीनच्या बाजारात खपू लागले, तेव्हा मँचेस्टरकडच्या, म्हणजे लँकेशायर परगण्यातल्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या पोरांचे हाल एकाएकी दिसू लागले. त्यापूर्वी समुद्र आडवा येत असावा. इकडे आपले गिरणीमालक आणि बहुतेक देशी वृत्तपत्रे यांनी हा देशी धंदा बुडवण्याचा डाव असल्याचे ओळखले, आणि ते अगदीच खोटे होते असेही म्हणता येत नाही. म्हणून सुताच्या लडी करण्याच्या रिळखात्यात उभ्या उभ्या पोटऱ्यांत गोळे आले, नाकातोंडात कापसाची तुसे गेली, देखरेख करणाऱ्या मुकादमिणीने, म्हणजे नायकिणीने, पाठीत धपाटा घातला, तरी तेराव्या तासाला आपण स्वदेशी उद्योगाची सेवा करीत आहोत, हे तिने विसरू नये.

कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांच्या नादी लागल्यास मात्र चित्त विचलित होण्याची भीती आहे. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आधीच्या महिन्याचा पगार असल्या चैनीच्या गोष्टी मागितल्या. १८९० मध्ये तर दहा हजार कामगारांच्या सभेत दोन बायकांनी उभे राहून भाषणे केली. बायका बोलल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या दोन गोष्टींचा संबंध लावू नये, असे मालकांचे मत असावे.

आता जन्मसालाविषयी. आमच्या मते १८७९ चा आरंभ सर्वांत उत्तम. त्या मुलीला १८८६ मध्ये सातवे वर्ष पुरे होऊन गिरणीत शिरता येते, १८९१ मध्ये बारावे पुरे होऊन प्रौढ होता येते, आणि सूर्योदय ते सूर्यास्त प्रौढपण भोगून होते न होते तोच १८९१ चा दुरुस्त कायदा अंमलात येऊन चौदा वर्षांखालील सर्वांना पुन्हा मूल ठरवतो व सात तासांवर आणतो. गेलेले बालपण परत मिळाल्याचे उदाहरण पुराणांतही विरळाच. पुढे चौदा पूर्ण होताच ती दुसऱ्यांदा बाई होते आणि तिला अकरा तास लागू होतात.

एवढी अदलाबदल सांभाळायची तर वयाचा दाखला चोख हवा. आईला विचारून उपयोग नाही. ती घाटावरून दुष्काळात आलेली. मोठ्या दुष्काळानंतर दोन पावसाळे गेले तेव्हा तू झालीस, यापलीकडे ती सांगणार नाही. डॉक्टर साहेब, बाजारात बैल पारखावा तसे, दात पाहून वय ठरवतील. तेव्हा सकाळी राखुंडीने दात घासून जावे, जबडा सांगितल्याबरोबर उघडावा आणि त्यांनी वय विचारलेच, तर नम्रपणे एवढेच म्हणावे, ‘‘साहेब, किती पाहिजे?’’