बंड्याचं मॅग्निट्यूड

काल कट्ट्यावर परत तोच विषय, बॉइंकवर (विज्ञानाचे हिशोब लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वाटून देणारं सॉफ्टवेअर) कोणाचं मशीन भारी, आणि काडी टाकली बंड्यानेच. रायझन ७९५०एक्स प्रोसेसर घेतल्यापासून हा माणूस "काय रे कसा आहेस" विचारायच्या आधी ग्रिडकॉइनचं (बॉइंकच्या कामाबद्दल मिळणारं डिजिटल नाणं) मॅग्निट्यूड, म्हणजे त्या कामातला आपल्या वाट्याचा आकडा, सांगतो. "१६ कोअर आहेत १६! तुमची खटारी बंद करा आता," आणि मोबाईल प्रत्येकाच्या नाकासमोर.

सुमी म्हणाली, "कुठल्या प्रोजेक्टवर चाललंय?"

"त्याने काय फरक पडतो?"

"त्यानेच पडतो बाबा. ग्रिडकॉइन यादीतल्या प्रत्येक प्रोजेक्टला सारखाच वाटा देतं, मग त्या प्रोजेक्टच्या एकूण रॅकमधे, म्हणजे अलीकडच्या कामाच्या गुणांच्या सरासरीत, तुझा हिस्सा किती ते बघतं. जिथे चारच टाळकी आहेत तिथे माझा जुना लॅपटॉप पण राजा. तू गर्दी मोजतोयस, प्रोसेसर नाही."

बंड्या दोन सेकंद गप्प, मग क्रेडिटवर गेला, की बॉइंकचं क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, ते तरी खरे ना. तर क्रेडिटची मूळ व्याख्याच अशी की १ गिगाफ्लॉपचं (सेकंदाला एक अब्ज गणितं करणारं) मशीन दिवसभर चाललं की २००, आणि ते गिगाफ्लॉप व्हेटस्टोनचे, म्हणजे १९७२ सालची वेग मोजायची टेस्ट, इवलीशी, कॅशमधे, प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत, आरामात मावणारी. प्राइमग्रिडचे, म्हणजे मूळ संख्या शोधणाऱ्या प्रोजेक्टचे, मोठे आकडे तसे मावत नाहीत. १६ कोअरवर १६ वेगळी कामं लावली की सगळे रॅमच्या दारात रांग लावून उभे. "सोळा बादल्या आणि नळ एकच," सुमी म्हणाली, "त्यापेक्षा एकच काम सगळे कोअर मिळून करू देत. आणि १७० वॉटचा तो प्रोसेसर इको मोडमधे ६५ वर टाक, वेग थोडा जाईल पण वॉटमागे काम कितीतरी जास्त." मी शंभर टक्के सुमीच्या बाजूने, आधीच सांगतो. तयार झालेलं काम मोजायचं, बाकी सगळा आवाज.

मग तिने त्याचा मोबाईलच ओढून घेतला आणि टास्कची यादी उघडली. खाली खाली सरकवत गेली आणि एका जागी थांबली. इनव्हॅलिड, म्हणजे उत्तर बाद. इनव्हॅलिड. परत इनव्हॅलिड. ओव्हरक्लॉक केलेलं साहेबांनी, प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला! बऱ्याच प्रोजेक्टमधे तेच काम दुसऱ्या कोणाच्या मशीनवर पण जातं, उत्तरं जुळली तरच क्रेडिट, नाहीतर रात्रभर तापून शून्य.

"पंखा मात्र विमानासारखा ओरडतो," दिग्या म्हणाला, आणि लगेच "माझी रॅमची स्टिक कधी देतोयस?" हे दर वेळी असतंच.

बंड्या तणतणला, की फुकटात कोण मशीन झिजवतं, कॉइन मिळालेच पाहिजेत. तेव्हा सुमी शांतपणे म्हणाली, "सेटीने, त्या एलियन शोधायच्या प्रोजेक्टने, ३१ मार्च २०२० ला काम पाठवणं थांबवलं तेव्हा रडलास कशाला मग? तू ते सुरू केलंस तेव्हा कुठले कॉइन होते?" मला आठवतं ते. किती वर्षं चालवलं होतं त्याने. मी म्हटलं, २०१० मधे आइनस्टाइन अ‍ॅट होम या बॉइंकच्याच प्रोजेक्टवर लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरनी पल्सार शोधला, खराखुरा तारा, तेव्हा पण कॉइनचा पत्ता नव्हता.

बंड्या बराच वेळ पायाकडे बघत बसला. मग हळूच, "एलियन सापडला असता ना माझ्या मशीनवर..."

"सापडला असता रे," दिग्या म्हणाला, "पण दुसऱ्या मशीनशी जुळला नसता!"

बंड्याच सगळ्यात जोरात हसला, आणि ओव्हरक्लॉक काढायला घरी पळाला. रॅम न देताच.