आधी धूळ काढा हो!

गेमिंग लॅपटॉप तापून अडखळायला लागला की जो तो एकच सल्ला देतो: कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) घे. अहो, पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर बसलाय, तिथे खालून कितीही वारा घातला तरी तो जाणार कुठून?

ही धूळ बाहेरून दिसतच नाही. पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पात्यांच्या मधे ती साचते, राखाडी, गोधडीसारखी घट्ट. खालचं झाकण उघडा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पंखा बोटाने धरा आणि ब्रशने तो थर उचला. पंखा न धरता ब्लोअर मारलात तर तो बेफाम फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

एवढं करूनही प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जात असेल, तर बहुधा प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो, तेच तुमचं अडखळणं! जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवा. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे कसा. एक बाजू आधी आवळली की दुसरी उचलली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

आणि तापमान ७५ असताना गेम अटकतोय? मग रॅमची एकच पट्टी आहे का ते बघा. १६ जीबीची एक लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावा. कृपा करून तिथे तरी कूलिंग पॅड सुचवू नका!