निहाली मेली तर मरू दे म्हणे!

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणे दोन हजार लोकांची भाषा रेकॉर्ड करत बसणं म्हणजे पैशाची नासाडी, जनगणनेत नाव नाही म्हणजे ती भाषाच नाही, नुसती कोरकूची (शेजारच्या कोरकू आदिवासींच्या भाषेची) बोली, भाषा मरतात हे नैसर्गिकच आहे आणि पुढेमागे लागलीच तर एआय काढून देईल. उदाहरण घेतलंय निहालीचं, आपल्याच बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडची, म्हणून लिहावंसं वाटलं.

जनगणनेचं आधी. 1971 पासून 10,000 पेक्षा कमी लोक बोलत असतील तर ती भाषा यादीत वेगळी दाखवतच नाहीत, सगळ्या 'इतर'मध्ये ढकलतात. निहाली बोलणारे दोन-अडीच हजार, नाव दिसणार कुठून? 

आता बोली. निहालीत कोरकूचे शब्द भरमसाट आहेत, मराठी-हिंदीचेही आहेत, काही द्राविडी आहेत, हे खरंच. पण ते सगळे बाजूला काढले तरी साधारण पाव शब्दसंग्रह असा उरतो जो जगातल्या कुठल्याच भाषेशी नीट जुळवता आलेला नाही. कायपर नावाच्या डच अभ्यासकाने 1962 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात शंका काढली की ही चोरांची सांकेतिक भाषा तर नसेल? म्हणजे बघा, एका अख्ख्या समाजावर शिक्का! आता ही शंका खरी की खोटी हे घरात बसून ठरणार नाही, लोकांमध्ये बसून ते आपसात काय आणि कसं बोलतात ते ऐकावं लागतं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून भाषाशास्त्रज्ञ शैलेंद्र मोहन यांनी हेच काम केलं.

नैसर्गिक वगैरे काही नाही हो. निहाल लोक पिढ्यान् पिढ्या कोरकूंकडे मजुरी करत आले, मालकाची भाषा शिकावीच लागली. 2025 मध्ये शाळेत पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा याच ग्रुपवर केवढा आरडाओरडा झाला होता, तेव्हा नाही कोणाला नैसर्गिक वाटलं.

आणि एआय! ते लिहिलेल्या-बोललेल्या ढिगाऱ्यावर चालतं, निहालीचा ढिगारा कुठाय? अंदमानातल्या ग्रेट अंदमानी भाषेचं व्याकरण शरीराच्या भागांच्या वाटणीवर उभं आहे, हे भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बींना कळलं कारण मोजकेच का होईना पण बोलणारे जिवंत होते. ग्रेट अंदमानी कुटुंबातल्याच बो भाषेच्या शेवटच्या बोलणाऱ्या बोआ सीनियर जानेवारी 2010 मध्ये गेल्या. आज एखादा प्रश्न राहून गेलाय असं लक्षात आलं तर विचारणार कोणाला? निहालीत अजून विचारता येतं.